मोहरा दिल्यानंतर

बुद्धिबळाच्या खेळांत जिंकणाराला आनंद व्हावा व हरणाराला हळहळ वाटावी, हें स्वाभाविकच आहे. परंतु नुसत्या पाहणारांच्या अंगावर रोमांच उभे राहावे असा प्रसंग या खेळांत बहुधा एकच येतो. एखादा खेळाडू आपला हत्ती, उंट किंवा खुद्द वजीर प्रतिपक्षाच्या तोंडीं देतो, आणि वरवर पाहतां त्याच्या मोबदल्यांत त्याला कांहींच मिळत नाहीं. तेव्हां पटाभोवतीं बसलेलीं माणसें क्षणभर श्वास रोखून धरतात. या कृतीला बलिदान असें म्हणण्याचा प्रघात आहे. लांकडाच्या बोटभर तुकड्याला उद्देशून योजिलेलें हें नांव यज्ञवेदीवरचें आहे, आणि तें आपण इतक्या सहज कां वापरतों, हा प्रश्न आमच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत होता. गेल्या हिवाळ्यांत गोसीखुर्द येथें खेळलेल्या एका अगदीं सामान्य डावानें त्या प्रश्नाला निराळेंच वळण लावलें. तो विचार वाचकांपुढें मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

गोसीखुर्द हें भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांतील, वैनगंगेच्या कांठचें गांव. नदीवर बांधलेल्या धरणामुळें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें आहे. पवनीस आमचे एक जुने स्नेही राहतात; त्यांच्याबरोबर आम्ही तें धरण पाहावयास गेलों होतों. ओळीनें उभे असलेले तेहेतीस दरवाजे व त्यांच्यामागें क्षितिजापर्यंत पसरलेलें पाणी पाहून झाल्यावर ऊन उतरेपर्यंत आम्ही ज्यांच्या ओसरीवर विसावलों, ते गृहस्थ निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. त्यांचें मूळ गांव जलाशयाच्या पोटांत गेलेलें. आतां त्यांचें बिऱ्हाड नव्या वसाहतींत. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें जुलै २०२५ मध्यें बातुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हांपासून गुरुजींच्या नातवाला बुद्धिबळाचें वेड लागलें होतें, आणि त्याला शिकवितां शिकवितां गुरुजींचाही जुना नाद जागा झाला होता. ओसरीवर पट मांडलेलाच होता. चहा येईपर्यंत एक डाव व्हावा असें ठरलें.

आम्ही या खेळांत केवळ हौशी आहों, हें आधींच कबूल केलेलें बरें. हौशी खेळाडूचें एक लक्षण असें, कीं त्याला डाव जिंकण्याहूनही तो देखणा व्हावा असें वाटत असतें. दहाव्या-बाराव्या खेळीस गुरुजींचा राजा किल्लेकोट करून कोपऱ्यांत बसलेला पाहून आम्हांस एक जुनी युक्ति आठवली. उंटानें राजापुढचें कडेचें प्यादें मारावयाचें. राजानें उंट मारला कीं घोड्यानें शह द्यावयाचा. आणि मागोमाग वजिरानें धांवून यावयाचें. सतराव्या शतकांतील ग्रेको नांवाच्या इटालियन खेळाडूच्या हस्तलिखितांतही ही युक्ति आढळते. तिला उतारा नसतो असें नाहीं. परंतु हल्ला तडफेनें झाला तर सामान्य प्रतिपक्षी बहुधा त्याखालीं दबून जातो. आम्हीं उंट दिला. स्नेह्यांनीं ‘वाहवा’ म्हटलें, गुरुजींच्या नातवानें डोळे विस्फारले, आणि आम्हांसही आपण कांहीं पराक्रम केला असें वाटलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

गुरुजींनीं शांतपणें उंट मारला. आम्हीं घोड्यानें शह दिला. त्यांचा राजा मागें न सरतां एक घर पुढें, घोड्याच्या अंगावरच चालून आला. आतां वजीर आणावयाचा, हें उघड होतें. परंतु त्याच क्षणीं आमची दृष्टि पटाच्या दुसऱ्या बाजूस गेली. तेथें आमचें एक प्यादें मरत होतें. उंट तर गेलाच. आतां प्यादेंही फुकट कां घालवावें, असा काटकसरीचा विचार मनांत आला, आणि आम्हीं तें प्यादें सांभाळलें. तेवढ्या एका खेळीच्या अवकाशांत गुरुजींनीं आपला घोडा राजाच्या आड आणून उभा केला. हल्ला तेथेंच संपला. पुढें उंटाची उणीव आम्हांस पदोपदीं भासूं लागली, आणि शेवटीं एका प्याद्यानें आमच्या राजावर मात केली. आपल्या जुन्या देशी खेळांत प्यादेमात ही मोठ्या मानाची समजत. गुरुजींनीं मात्र त्याचा कांहीं गाजावाजा केला नाहीं. मोहरे पुन्हां मांडीत ते एवढेंच म्हणाले, “सर, उंट दिलांत ती चूक नव्हती. दिल्यावर प्यादें सांभाळीत बसलांत, ती चूक.” मग जलाशयाच्या दिशेनें पाहत ते सावकाश म्हणाले, “आमच्या गांवाचंही तेंच झालं. गांव गेलं याचं दुःख आहेच. पण गांव दिल्यावर पुढची खेळी वेळेवर झाली नाहीं, त्याचं जास्त आहे.”

परत येतांना व आल्यावरही गुरुजींचे हे शब्द आमच्या मनांतून गेले नाहींत. त्यांत बुद्धिबळाचें एक मर्म आहे, आणि आमच्या मतें नीतीचेंही आहे.

प्रथम बुद्धिबळाचें पाहूं. या खेळांतील सर्वांत प्रसिद्ध बलिदानांचा डाव १८५१ सालीं लंडन येथें झाला. तो स्पर्धेंतील नव्हता. दोन खेळाडूंनीं सहज म्हणून मांडलेला होता. जर्मनीच्या ब्रेस्लाउ शहरांत गणित शिकविणारा अँडरसन हा एकीकडे, व किझेरिट्स्की हा दुसरीकडे. अँडरसननें एक उंट, दोन्ही हत्ती व शेवटीं वजीरही दिला, आणि उरलेल्या दोन घोड्यांनीं व एका उंटानें मात केली. पुढें त्या डावाला ‘अमर डाव’ असें नांव पडलें. नंतरच्या मीमांसकांनीं त्यांत दोष काढले आहेत. प्रतिपक्षाला अधिक चांगला बचाव करतां आला असता, हेंही दाखविलें आहे. तथापि त्याची मोहिनी कमी झाली नाहीं, आणि तिचें कारण दिलेल्या मोहऱ्यांची संख्या हें नव्हे. मोहऱ्यांमागून मोहरे जात असतांना अँडरसननें गेलेल्यांतलें कांहीं वांचविण्यासाठीं एकही खेळी खर्च केली नाहीं, हें खरें कारण आहे. किझेरिट्स्कीचे वजीर व उंट दूरवर हत्ती गोळा करीत राहिले. इकडे त्याच्या राजाभोवतीं फांस आवळत आला.

मोहरा देऊन खेळाडू काय घेतो? तो वेळ घेतो. प्रतिपक्षाला दिलेला मोहरा मारण्यास एक खेळी लागते, त्याचे स्वतःचे मोहरे त्यामुळें अस्थानीं जातात, आणि तेवढ्या अवकाशांत आपले मोहरे पुढें येतात. बलिदान म्हणजे द्रव्य देऊन काळ विकत घेणें होय. परंतु काळ ही वस्तु साठवून ठेवतां येत नाहीं. विकत घेतलेला काळ त्याच क्षणीं वापरला तर त्याचें मोल, नाहीं तर तो नाहींसा होतो, आणि दिलेलें द्रव्य मात्र गेलें तें गेलेंच. यासाठीं मोहरा देणाराच्या अंगावर त्या क्षणापासून एक निराळें बंधन येतें. न देणाराला आळस परवडतो. देणाराला परवडत नाहीं. आमची चूक हीच झाली. आम्हीं उंट मोठ्या ऐटींत दिला, आणि मग जणूं कांहीं दिलेंच नाहीं अशा बेतानें एक प्यादें जपूं लागलों. उंटाचे बाबतींत उधळे व प्याद्याचे बाबतींत कृपण, असे आम्ही एकाच वेळीं झालों.

ऑस्ट्रियाचा खेळाडू श्पीलमान यानें १९३५ सालीं बलिदानाच्या कलेवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें बलिदानाचे दोन प्रकार मानिले आहेत. पहिल्यांत पुढच्या कांहीं खेळ्यांत सर्व वसूल होणार हें आधींच मोजलेलें असतें. त्याला तो खरें बलिदान मानीतच नाहीं. दुसऱ्या प्रकारांत फळ मोजतां येत नाहीं. खेळाडू स्थितीचा अंदाज घेऊन धोका पत्करतो. हा भेद नीतिशास्त्रज्ञांनींही ध्यानांत घ्यावा अशा योग्यतेचा आहे. परतफेडीची खात्री असतांना दिलेलें तें दान नव्हे, व्यापार आहे. आणि व्यापारांत लाज कांहींच नाहीं, फक्त त्याला दानाचें नांव देऊं नये. खऱ्या बलिदानांतील उदात्तपणा धोक्यांत आहे, आणि तो धोका देणाराचा स्वतःचा आहे. हल्ला फसला तर हरणारा कोण? ज्यानें उंट दिला तोच. म्हणूनच पाहणारे श्वास रोखून धरतात.

येथवर खेळाची गोष्ट झाली. हेंच नांव आपण खेळाबाहेर नेतों, तेव्हां मात्र एक गोष्ट आपल्या नकळत बदलते. आमच्या भाषेंत ‘बळी देणें’ आणि ‘बळी जाणें’ असे दोन प्रयोग आहेत, व दोहोंचे कर्ते निरनिराळे आहेत. देणारा एक, जाणारा दुसरा. पटावर या भेदानें कांहीं बिघडत नाहीं, कारण जाणाऱ्या उंटाला जीव नाहीं. डाव मोडला कीं तो पुन्हां आपल्या घरीं उभा राहतो. परंतु जेथें जाणारा जिवंत आहे, आणि दुसरा डाव मांडला जावयाचा नाहीं, तेथें देणाराच्या धैर्याची स्तुति करण्यापूर्वीं थोडें थांबलें पाहिजे. ‘त्याग’ हा शब्द तर याहूनही काटेकोर आहे. जें आपलें आहे त्याचाच त्याग करतां येतो. १६६० सालीं बाजीप्रभु खिंडींत उभे राहिले, तेव्हां त्यांनीं स्वतःचें आयुष्य समजून उमजून दिलें. तेथें देणारा व जाणारा एकच होता, म्हणून तो शब्द तेथें पूर्णपणें शोभतो. एकाचें घर दुसऱ्याच्या निर्णयानें गेलें, तर त्याला घर सोडणाराचा त्याग म्हणतां येत नाहीं, कारण त्याला कोणी विचारलें नाहीं; आणि निर्णय करणाराचा त्याग तर मुळींच म्हणतां येत नाहीं, कारण त्याचें कांहीं गेलें नाहीं.

मग दुसऱ्याचें देण्याचा अधिकार कोणालाच नाहीं काय? असें म्हटलें तर राज्यकारभारच चालणार नाहीं. १६६५ सालीं पुरंदरच्या तहांत शिवाजी महाराजांनीं तेवीस किल्ले व चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांस दिला, आणि बारा किल्ले आपल्याकडे राखले. त्या मुलखांत माणसें राहत होतीं. तीं पटावरचीं प्यादीं नव्हतीं. तथापि या देण्याबद्दल इतिहासानें त्यांस दोष दिला नाहीं. सर्वस्व जाण्यापेक्षां अर्धेंअधिक गेलेलें बरें, हें त्याचें एक कारण खरें. परंतु दुसरें कारण आमच्या विषयाच्या अधिक जवळचें आहे. तो तह करून महाराज स्वस्थ बसले नाहींत. पुढच्याच वर्षीं आग्र्याला जाण्याचा धोका त्यांनीं स्वतःच्या देहावर घेतला. परत आल्यावर मिळालेल्या काळांत राज्याची घडी बसविली. आणि १६७० सालीं कोंढाणा व पुरंदर पुन्हां स्वराज्यांत आले. पांच वर्षांच्या आंत दिलेल्याची फेड सुरू झाली होती. कोंढाणा घेतांना तानाजी मालुसरे पडले, म्हणजे ती फेडही फुकट झाली नाहीं. परंतु दिलें तें विसरलें गेलें नाहीं, हें खास.

महाभारतांतील घटोत्कचाची कथा याहूनही बिकट आहे. कर्णापाशीं इंद्रानें दिलेली एक शक्ति होती. ती एकदांच वापरतां येत होती, व ती त्यानें अर्जुनासाठीं जपून ठेविली होती. रात्रीच्या युद्धांत घटोत्कच पुढें झाला. त्याचा मारा असह्य होऊन कर्णाला ती शक्ति त्याच्यावर टाकावी लागली. घटोत्कच पडला आणि अर्जुन वांचला. पांडवांच्या गोटांत शोक चालला असतां श्रीकृष्णाला मात्र हर्ष झाला, आणि त्यानें त्याचें कारणही अर्जुनाला उघड सांगितलें. पटावरच्या दृष्टीनें पाहिलें तर याहून अचूक खेळी सांपडणें कठीण! तरी पण व्यासांनीं तो प्रसंग कृष्णाच्या हर्षावर संपविलेला नाहीं. युधिष्ठिर शोकानें व्याकूळ होतो; वनवासांत घटोत्कचानें आपल्यासाठीं काय काय केलें, तें एकेक आठवून सांगतो; आणि स्वतःच कर्णावर चालून जावयास निघतो. ती खेळी चुकीची होती असें युधिष्ठिराचें म्हणणें नाहीं. परंतु जो गेला त्याचा हिशेब कोणी तरी मनांत ठेवला पाहिजे, हें त्याला कळलें होतें. कृष्णाची बुद्धि व युधिष्ठिराचा शोक हीं दोन्ही असल्याशिवाय तें युद्ध धर्मयुद्ध या नांवास पात्र झालें नसतें, असें आम्हांस वाटतें.

आतां गुरुजींच्या गांवाकडे वळूं. कुळासाठीं एकाला सोडावें, गांवासाठीं कुळाला सोडावें, देशासाठीं गांवाला सोडावें, अशी चढत जाणारी एक नीति आपल्याकडे फार पूर्वींपासून सांगत आले आहेत. धरणांचें सारें समर्थन तिच्या तिसऱ्या पायरीवर उभें आहे. गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें झाली. त्याच्या पाण्यानें भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील २,५०,८०० हेक्टर जमीन भिजावी, असा संकल्प होता. ८० हून अधिक गांवें पाण्याखालीं जावयाचीं होतीं. आरंभीं जो खर्च ३७२ कोटी रुपये धरला होता, तो पुढें १८,००० कोटींच्या वर गेला. २००९ सालीं प्रकल्पास राष्ट्रीय दर्जा मिळाला. आणि पायाभरणीस तीस वर्षें उलटून गेलीं तरी कालव्यांचीं कामें पुरीं झालेलीं नव्हतीं. पाणी कोणाच्याच शेतास मिळालें नाहीं, असें नव्हे. ज्यांच्या धानाला तें पोंचलें त्यांचें त्यानें कल्याणच केलें आहे. परंतु १९८८ सालीं जो तरुण शेतकरी होता, तो त्या कालव्याकडे डोळे लावून म्हातारा झाला, हेंही तितकेंच खरें आहे.

यावर कोणी म्हणेल, कीं एवढें प्रचंड काम म्हणजे कांहीं बुद्धिबळाचा पट नव्हे. तेथें पैशाची अडचण येते, जमिनीचे वाद येतात, जंगलाचे कायदे आड येतात. हें सर्व आम्हांस मान्य आहे. धरण बांधूंच नये असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हों. पावसाळ्यांत वैनगंगेला पूर येऊन तिचें पाणी निघून जावें, आणि हिवाळ्यांत तिच्याच कांठच्या शेतांनीं कोरडें राहावें, यांत पुण्य कसलें? आमचें म्हणणें इतकेंच आहे, कीं हा अडचणींचा पाढा गांव उठविण्यापूर्वीं वाचावयाचा असतो. वजीर आणावयास वाट आहे किंवा नाहीं, हें उंट देण्यापूर्वीं पाहावयाचें असतें. आणि एकदां दिल्यावर मग काटकसर, चालढकल व पुनर्विचार यांचा हक्क देणारानें गमावलेला असतो. कारण तो जी वर्षें दवडतो, तीं त्याचीं नसतात. दुसऱ्याचें घर देऊन तीं विकत घेतलेलीं असतात.

येथें हौशी खेळाडूचा तो दोष पुन्हां आठवतो. उंट देतांना ‘वाहवा’ मिळते. त्यानंतरची वजिराची मुकाट्याची खेळी कोणाच्या नजरेंतही भरत नाहीं. पायाभरणीच्या वेळीं मांडव असतो, हारतुरे असतात, भाषणें असतात. आणि दूरच्या एखाद्या शिवारापर्यंत खोदावयाच्या चारीसाठीं टाळ्या वाजविणारा कोणी नसतो. परंतु पहिली कृति योग्य होती कीं अयोग्य, हें ठरतें दुसरीवरूनच. मानवी स्वभाव असा आहे, कीं त्याला आरंभाची शोभा हवी असते, शेवटाचा शीण नको असतो. हा दोष केवळ सत्ताधाऱ्यांचा आहे असेंही आम्हांस म्हणावयाचें नाहीं. मुलाच्या शिक्षणासाठीं घरांतल्या मुलीची शाळा सोडविणारे आईबाप, आणि त्या शिक्षणाच्या वर्षांत गाढ झोंपा काढणारे मुलगे, आम्हीं महाविद्यालयांत तीस वर्षें पाहिले आहेत. बहिणीच्या पुस्तकांच्या पैशांत बसावयास मिळालेल्या बाकावर बसून जो पेंगतो, त्यालाही गुरुजींचेंच वाक्य लागू पडतें.

सारांश, दुसऱ्याचें देणें हें कधीं कधीं प्राप्त होतें. परंतु तें देणें नव्हे, कर्ज काढणें आहे, आणि त्या कर्जाची मुदत फार थोडी असते. जो हें ओळखून पुढची खेळी विलंब न लावतां करतो, त्याला गेलेले लोक कदाचित् क्षमा करतील. जो टाळ्या घेऊन प्यादीं सांभाळीत बसतो, त्यानें ‘बलिदान’ हा शब्द तोंडांत घेऊं नये.

त्या दिवशीं गुरुजींबरोबर आमचा दुसराही एक डाव झाला. त्यांत आम्हीं कांहींच दिलें नाहीं, व डाव बरोबरींत सुटला. निघतांना नातवानें मोहरे एकेक करून डबींत भरले. पहिल्या डावांत गेलेला तो पांढरा उंटही त्यांत होता. त्यानें तो इतरांबरोबर सहज आंत टाकला आणि झांकण लावलें. गुरुजी आम्हांस पोंचवावयास रस्त्यापर्यंत आले. तेथून जलाशय दिसत होता. त्यांचें गांव नेमकें कोठें होतें असें आम्हीं विचारलें, तेव्हां त्यांनीं हात वर करून पाण्यावरची एक जागा दाखविली. आणि आम्हांस ती इतर पाण्याहून कांहीं निराळी दिसली नाहीं.